एक जून आणि एक ऑगस्ट

आमच्या संकेश्वरच्या घराच्या गच्चीवर चार कोपऱ्यांत लोखंडी सळ्या उभ्या आहेत. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या. पावसाळा आला की त्यांवर रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घालायच्या, म्हणजे गंज कमी चढतो, हे काम माझ्याकडे. यंदाही घातल्या. खाली आलो तर आज्जी म्हणाली, "तुझ्या बाबाला गौरीच्या दिवशी जन्माला घातलं होतं मी. मास्तरनं घातला तो जन्म मानूस नको."

तिचं म्हणणं कळायला तुम्हाला थोडी वंशावळ आणि बरेच सरकारी आदेश ऐकावे लागतील. या सदरात मी एरवी खाण्यापिण्यावर आणि हिरण्यकेशीच्या पुरावर लिहितो, यावेळी जरा पगारावर.

बाबा सरकारी मराठी शाळेत शिक्षक होते. १९७० साली त्यांना शाळेत घालायला आजोबा गेले, तेव्हा आमचा भाग म्हैसूर राज्यात होता. कर्नाटक हे नाव १९७३ साली आलं. जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, आणि बाबांना सव्वातीन महिने कमी पडत होते. हेडमास्तरांनी आजोबांकडे एकदा बघितलं आणि रजिस्टरला १ जून १९६४ लिहून टाकलं. तुमच्या घरातल्या साठी ओलांडलेल्या मंडळींचं आधार कार्ड एकदा बघा. १ जूनवाले एकतरी निघतील. आमच्या गल्लीत पाच आहेत. त्या पिढीचे हेडमास्तर हे खरे जन्मदाते.

कर्नाटकात सरकारी नोकर साठ वर्षांचा झाला की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पण ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, त्याची साठ वर्षं आदल्या दिवशीच पूर्ण झाली असं धरतात. म्हणून १ जूनवाला ३१ मेला घरी जातो. बाबा ३१ मे २०२४ रोजी घरी आले. गळ्यात हार, हातात शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ. आज्जीचं खरं मानलं असतं, तर ते सप्टेंबरअखेर निवृत्त झाले असते.

आता मधल्या चार महिन्यांत काय झालं ते बघा.

कर्नाटक सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये सातवा राज्य वेतन आयोग नेमला. अध्यक्ष माजी मुख्य सचिव के. सुधाकर राव. अहवाल लांबत चालला तशी कर्मचाऱ्यांनी १ मार्च २०२३ रोजी कामबंद आंदोलन केलं, आणि बोम्मई सरकारने त्याच दिवशी मूळ वेतनाच्या १७ टक्के अंतरिम वाढ देऊन ते मिटवलं. पूर्ण अहवाल मार्च २०२४ मध्ये सिद्धरामय्यांच्या हातात पडला आणि जुलैत मंजूर झाला. १ जुलै २०२२ च्या मूळ वेतनात तेव्हाचा ३१ टक्के महागाई भत्ता मिळवायचा, त्यावर साडेसत्तावीस टक्के वाढ द्यायची. म्हणजे ५०,००० मूळ वेतनाचे ७९,२५० होतात. किमान मूळ वेतन १७,००० वरून २७,००० झालं. सरकारवर वर्षाला २०,२०८ कोटींचा जादा बोजा येणार, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं.

इथवर सगळे खूश होते. आदेशाच्या आतलं वाक्य मात्र असं, की ही वेतननिश्चिती १ जुलै २०२२ पासून धरायची, पण ती काल्पनिक. प्रत्यक्ष पैसे १ ऑगस्ट २०२४ पासून. कानडी आदेशातही हा शब्द काल्पनिकच आहे, त्यामुळे आमच्या घरात कुणाला भाषांतराची गरज पडली नाही.

म्हणजे १ जुलै २०२२ ते ३१ जुलै २०२४ या पंचवीस महिन्यांत जे निवृत्त झाले, त्यांचं नवं वेतन कागदावर ठरलं. त्यावरून महिन्याचं पेन्शनही ऑगस्ट २०२४ पासून सुधारलं. पण निवृत्त होताना जे एकरकमी मिळतं, म्हणजे ग्रॅच्युइटी, कम्युटेशन आणि शिल्लक रजेचा पगार, ते सगळं जुन्या मूळ वेतनावर. बाबा दोन महिन्यांनी हुकले.

ते ऐकून पहिल्या दिवशी ते हसले होते. "माझा पगार काल्पनिक, पण निवृत्ती खरी," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र डायरी काढून आकडे मांडत बसले.

कम्युटेशनचं गणित तुम्हाला सांगतो, कारण माझ्या वयाच्या आयटीवाल्यांना हा शब्दच माहीत नसतो. पेन्शन म्हणजे ढोबळमानाने शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं. त्यातला एक तृतीयांश भाग विकून त्याची रक्कम आधीच एकगठ्ठा घेता येते. तेवढं पेन्शन मग दरमहा कमी येतं आणि पुढे ठरावीक वर्षांनी पुन्हा चालू होतं. ५०,००० वर पेन्शन २५,०००, त्याचा तिसरा हिस्सा ८,३३३. ७९,२५० वर पेन्शन ३९,६२५, तिसरा हिस्सा १३,२०८. फरक महिन्याला ४,८७५. याला बाराने आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात. गुणक नुसता ८ धरला तरी ४,६८,००० होतात. अर्थात ही उचल आहे, बक्षीस नव्हे. जास्त उचललं की दरमहा जास्त कापलंही जातं. पण घर बांधायला, लेकीच्या लग्नाला, गुडघ्याच्या ऑपरेशनला माणूस निवृत्तीच्या वेळचीच रक्कम मनात धरून बसलेला असतो. ग्रॅच्युइटीचं तर तसंही नाही. ती एकदाच मिळते आणि कमी मिळाली तर कायमची कमी. गच्चीवरच्या सळ्यांचं कारण एवढंच.

आता माझी एक कबुली.

मी पगाराचं सॉफ्टवेअर लिहितो. घरूनच काम करतो, खिडकीतून हायवेवरचे ट्रक दिसतात. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या खासगी कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. त्यांनी निवृत्तीच्या लाभांचा नियम बदलला आणि मला एक अट लिहायला सांगितली: अमुक तारखेच्या आत निवृत्त असेल तर जुना दर, त्या दिवशी किंवा नंतर असेल तर नवा. कोडची एक ओळ. त्यातलं एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तर माणूस इकडचा तिकडे होतो. तपासणी करताना मी सहज यादी काढली, तर तीन माणसं त्या तारखेच्या आदल्या दिवशी निवृत्त होत होती. मी विचारलं, यांचं काय? उत्तर आलं, रिक्वायरमेंटमध्ये आहे तेच कर. मी केलं. टेस्ट पास झाल्या. संध्याकाळी आम्ही मिसळ खायला गेलो. ती तीन नावं मी तेव्हा वाचलीसुद्धा नव्हती, नुसते एम्प्लॉयी नंबर बघितले होते.

बाबांच्या डायरीतले आकडे बघताना मला ती ओळ आठवली. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मला धंद्यामुळे चांगलं माहीत आहे. तारीख नसलेला नियम संगणकालाही कळत नाही आणि खजिन्यालाही. पण रेघ ओढणाऱ्याने ती तिथेच का ओढली, हे सांगायला पाहिजे की नको?

हाच प्रश्न आपल्या देशात एकदा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डी. एस. नकारा हे संरक्षण खात्यात वित्त सल्लागार होते, १९७२ मध्ये निवृत्त झाले. १९७९ मध्ये केंद्राने पेन्शन मोजायची पद्धत सुधारली, पण ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठीच. नकारा कोर्टात गेले. १७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठावर होते, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांचं. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेपोटी मिळवलेला हक्क आहे. आणि एकाच वर्गातल्या पेन्शनरांना केवळ निवृत्तीच्या तारखेवरून दोन गटांत तोडणं हे समानतेच्या विरुद्ध आहे. म्हणून १७ डिसेंबर हा देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळतात. बाबांनी हे मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, मग झालं की काम.

नाही झालं. पुढच्या निकालांनी नकाराची हद्द आखत आणली. आंध्र प्रदेशच्या पेन्शनरांच्या १९८६ च्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की पेन्शन दरमहा चालू असतं, म्हणून सुधारणा जुन्यांनाही लागू. पण ग्रॅच्युइटी निवृत्तीच्या दिवशी एकदाच देय होते, तो व्यवहार त्या दिवशीच्या नियमाने पूर्ण झाला, तो पुन्हा उघडायचा नाही. हे वाचून मी खरं तर सरकारच्या बाजूला झुकलो होतो. प्रत्येक वेतनवाढीनंतर मागचे सगळे हिशेब उघडायचे म्हटले तर कुठला खजिना पुरेल?

पण बाबांनी डायरीतला एक आकडा बोटाने दाखवला. "मला नवा पगार पाहिजे असं मी कुठं म्हणतोय? सरकारच म्हणतंय की ३१ मेला माझं मूळ वेतन हे होतं. त्यावरून पेन्शन देतंय. मग त्याच दिवसाची ग्रॅच्युइटी दुसऱ्या वेतनावर कशी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आंध्रवाल्यांना नियम निवृत्तीनंतर बदलला म्हणून वाढ नाकारली गेली. इथे वेतन निवृत्तीच्या आधीपासून बदललेलं आहे, असं आदेशच सांगतो. पंचवीस महिन्यांची थकबाकी लाखो कर्मचाऱ्यांना देता येत नाही, म्हणून 'काल्पनिक' शब्द आला, ते समजू शकतं. नोकरीत असलेल्यांची ती थकबाकी बुडाली, पण पुढचे पगार आहेत. निवृत्त झालेल्याला पुढचा पगार नाही. एकच शब्द दोघांना लावला, पण तो दोघांना सारखा लागला नाही. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. सहाव्या आयोगाच्या वेळी काल्पनिक तारीख १ जुलै २०१७ होती आणि पैशांची १ एप्रिल २०१८. तेव्हाचे नऊ महिन्यांतले लोक असेच अडकले होते, आणि बाबा कबूल करतात की तेव्हा नवा पगार हातात आल्यावर त्यांनी त्या लोकांचा विचार केला नव्हता.

एक दिवसाच्या फरकाचा न्याय कधीकधी मिळतोही. कर्नाटकातल्याच वीज महामंडळाच्या, केपीटीसीएलच्या कर्मचाऱ्यांचा एक खटला होता. वर्षभर काम करून वार्षिक वेतनवाढ कमावली, पण ती दुसऱ्या दिवशी जमा व्हायची आणि माणूस आदल्या दिवशी निवृत्त. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाढ केलेल्या कामाची आहे, दुसऱ्या दिवशी नोकरीत असण्याची नाही. बाबा हा निकाल तोंडपाठ असल्यासारखा सांगतात. उलट दिशेलाही वारं आहे. केंद्राने २०२५ च्या वित्त कायद्यात आपल्या पेन्शनरांमध्ये निवृत्तीच्या तारखेवरून फरक करण्याचा अधिकार स्वतःकडे असल्याचं कायद्यानेच लिहून घेतलं. तो राज्याच्या नोकरांना लागू नाही, पण आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची वाट बघणारे आमचे पुण्याचे पोस्टातले काका त्यामुळे अस्वस्थ आहेत.

तारखांचा खेळ बघायचा तर आमच्यासारखी सीमेवरची घरं बरी. माझी मावसबहीण फेब्रुवारी २००६ मध्ये कर्नाटकात शिक्षिका झाली. आतेभाऊ, आमचा दादा, डिसेंबर २००५ मध्ये महाराष्ट्रात लिपिक म्हणून रुजू झाला. संकेश्वरपासून गडहिंग्लज पंधरा किलोमीटरच्या आसपास, वडाप मिळालं तर अर्ध्या तासाचा रस्ता. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली, कर्नाटकाने १ एप्रिल २००६ पासून. म्हणजे दादा आधी नोकरीला लागला आणि जुनी पेन्शन मिळाली ती मागून लागलेल्या ताईला. दादाच्या पगारातून मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कापून बाजारात जात राहिले. त्या योजनेत निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेच्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी विकत घ्यावी लागते, आणि ती किती येईल हे त्या दिवशीच्या बाजारावर.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत १४ ते २० तारखेपर्यंत संप झाला, त्यात दादा होता. आम्ही त्याला फोटोवरून चिडवत होतो. पुढे जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही राज्यांनी एक पाऊल मागे घेतलं. भरतीची जाहिरात तारखेच्या आधीची आणि नेमणूक नंतरची असेल, तर जुनी पेन्शन. महाराष्ट्रात सुमारे २६ हजार जण, कर्नाटकात सुमारे १३ हजार. दादाची जाहिरात आधीची होती. त्याने पर्याय भरला आणि आत्याने पेढे वाटले. पण वहिनी २००८ ची. तिच्या सोबत बसणाऱ्या सहशिक्षिकेला जुनी पेन्शन आहे, तिला नाही. पोरं तीच, फळा तोच. आता वहिनी त्या विषयावर बोलत नाही, आणि दादाही तिच्यासमोर पेन्शनचा शब्द काढत नाही.

इथे मला बाबांशी थोडं भांडावं लागतं. २००५-०६ ची रेघ मला बाबांच्या रेघेपेक्षा कमी अन्यायाची वाटते. ती नव्याने येणाऱ्यांसाठी होती आणि आधी सांगून ओढली होती; वहिनी नोकरीला लागली तेव्हा तिला माहीत होतं. बाबांना जन्मतारखेइतकंच निवृत्तीच्या तारखेवरही नियंत्रण नव्हतं, आणि नियम तर ते घरी गेल्यावर आला. बाबा म्हणतात, "तेवीस वर्षांच्या पोरीला नोकरी पाहिजे होती. माहीत होतं म्हणजे पसंत होतं असं नव्हे." वहिनी समोर असती तर कदाचित मी माझं मत इतक्या ठामपणे मांडलं नसतं.

आणखी एक माणूस या हिशेबात नाही. आमच्या घरामागे राहणाऱ्या मावशींनी निपाणीला विडी वळण्यात आयुष्य काढलं. त्यांना भविष्य निर्वाह निधीतून पेन्शन येतं. या योजनेतलं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्याला महागाई भत्ता नाही, आयोग नाही. एके दिवशी बाबा ओट्यावर आपलं दुखणं सांगत होते, मावशी तांदूळ निवडत ऐकत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं बरोबर आहे. मागा तुम्ही. तुम्हालाच देत नसतील तर आम्हाला काय देणार?" मला वाटलं होतं त्या टोमणा मारतील. तसं काही त्यांच्या बोलण्यात नव्हतं. बाबा मात्र त्यानंतर दोन दिवस ओट्यावर बसले नाहीत.

सरकारी नोकरांच्या पगाराविषयी बाकीच्यांना राग असतो, मलाही पूर्वी होता. शाळेत दहा ते पाच, उन्हाळ्याची सुट्टी, वर पेन्शन. आमच्या कंपनीत माणसाला एका शुक्रवारी मीटिंगला बोलावतात आणि सोमवारी त्याचा लॅपटॉप परत जातो. पण त्यावरून त्यांचंही काढून घ्या असं निघतं की आम्हालाही काही द्या असं, यावर माझं आणि माझ्या टीमचं एकमत नाही.

सध्या दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर सात-आठ निवृत्त माणसं जमतात. एकजण तलाठी होते, एकजण सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, बाकी गुरुजी. निवृत्तांनी ही मागणी राज्यभर लावून धरली आहे, त्यासाठी निवेदनं, सह्या, तक्ते. मी त्यांना एक शीट करून दिली आहे: नाव, निवृत्तीची तारीख, जुनं मूळ वेतन, काल्पनिक मूळ वेतन, फरक. यावेळी नावं नीट वाचून भरली. तारखेच्या रकान्यात तिघांचं ३१ मे आहे. तलाठी काकांचं ३१ जुलै २०२४, एका दिवसाने हुकलेले. ते कुणाशी फारसं बोलत नाहीत, फक्त चहा झाला की कप आत नेऊन ठेवतात.

पुढच्या आठवड्यात बेळगावला जायचं आहे. बाबांनी तक्त्याच्या बारा प्रती कानडीत आणि दोन मराठीत काढायला सांगितल्या आहेत. मराठी कुणासाठी, विचारलं तर म्हणाले, "एक फायलीला, एक तुझ्या आज्जीला वाचून दाखवायला." त्या प्रतीत जन्मतारखेचाही रकाना घालायचा आहे. तिथे काय लिहायचं, यावर आज्जीचं आणि बाबांचं अजून ठरलेलं नाही.